इराक्लिओ, कांदिया, मेगालो कास्त्रो: क्रीटमधल्या एका शहराची नावं आणि त्यांचे अर्थ

तुमचा प्रश्न क्रीट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मुख्य शहराबद्दल आहे. प्रवासवर्णन लिहिताना तुम्हाला त्याची बरीच नावं भेटली: हेराक्लिऑन, इराक्लिओ, कांदिया, खांदाकास, मेगालो कास्त्रो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. तुमच्या मार्गदर्शकाने सांगितल्याप्रमाणे नावाचा अर्थ 'हेराची कीर्ती' असा आहे का? इंग्रजीतला 'कँडी' हा शब्द कांदियावरून आला का? आणि मराठीत लिहायचं काय? पहिल्याचं उत्तर 'पूर्ण बरोबर नाही' असं आहे. दुसऱ्याचं 'नाही'. तिसऱ्याचं उत्तर तुमच्या मजकुरात कोणता काळ चालला आहे यावर ठरतं.

जुने नकाशे आणि गावांच्या नोंदी वाचण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्या कामात एक सवय लागते. नावाचा अर्थ शोधण्याआधी ते नाव कुणाच्या तोंडचं आहे, हे आधी पाहायचं. या शहराची सगळी नावं एका माळेत ओवून 'आधी हे, मग ते' अशी यादी केली की चूक होते, कारण यातली बरीच नावं एकाच वेळी वापरात होती. दरबारात एक, बाजारात दुसरं, बंदरावर उतरणाऱ्या परक्याच्या तोंडी तिसरं.

सुरुवात सगळ्यात जुन्या आणि आजच्याही नावापासून करू. शहराच्या दक्षिणेला साधारण पाच किलोमीटरवर क्नोसोसचा राजवाडा आहे. भूगोलकार स्त्राबो लिहितो की क्नोसोसचं बंदर हेराक्लेइऑन हे होतं, आणि मिनोस राजा मात्र आम्निसोस हे बंदर वापरत असे. या तीन नावांकडे एकत्र पाहा. क्नोसोस आणि आम्निसोस ही दोन्ही नावं 'लिनियर बी' लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर सापडतात. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली ही लिपी उलगडली. पण त्या दोन नावांचा अर्थ ग्रीक भाषेतून लागत नाही. शेवटी '-सोस' येणारी अशी नावं ग्रीकभाषक तिथे येण्याच्या आधीची मानली जातात. हेराक्लेइऑनचं तसं नाही. ते नखशिखांत ग्रीक आहे आणि ग्रीक कळणाऱ्याला ऐकताक्षणी समजतं. स्थलनामांत हा फरक फार उपयोगी पडतो. ज्या नावाचा अर्थ तिथल्या बोलत्या भाषेत लागत नाही, ते बहुतेक वेळा आधीच्या माणसांचं असतं. म्हणून अर्थ न लागणारं नाव दिसलं तर त्याला ओढूनताणून अर्थ चिकटवू नये. ते नाव न उलगडणं हीच तिथली सगळ्यात मोलाची माहिती असू शकते.

आता 'हेराची कीर्ती'. हेराक्लीस या वीराच्या नावाची फोड 'हेरा' अधिक 'क्लेओस' म्हणजे कीर्ती अशी केली जाते आणि ती सर्वसाधारणपणे मान्य आहे. ज्या हेरा देवीने त्याचा जन्मभर छळ केला, तिचंच नाव त्याच्या नावात आहे. पण हा अर्थ त्या वीराच्या नावाचा झाला, गावाच्या नावाचा नव्हे. गावाच्या नावात शेवटी '-एइऑन' हा प्रत्यय आहे आणि त्याचा अर्थ 'अमक्याचं स्थान, अमक्याचं देवस्थान' असा होतो. म्यूझ देवतांचं स्थान ते 'मुसेइऑन', ज्यावरून आपला 'म्युझियम' आला. वैद्यदेव आस्क्लेपिऑसचं स्थान ते 'आस्क्लेपिएइऑन'. तसंच हेराक्लीसचं स्थान ते 'हेराक्लेइऑन'. तुमच्या मार्गदर्शकाने वीराच्या नावाची फोड गावाला लावली. रामटेकचा अर्थ सांगताना 'रमवणारा' एवढंच सांगावं, तसं ते झालं.

हेराक्लीसचा क्रीटशी संबंध कथेतच आहे. त्याच्या बारा पराक्रमांतला सातवा म्हणजे क्रीटमधला उन्मत्त बैल जिवंत पकडणं. पण हे नाव क्रीटच्या मालकीचं नव्हतं. भूमध्य समुद्राच्या काठी हेराक्लीसच्या नावाची पुष्कळ गावं होती. व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम हे त्याचंच लॅटिन रूप, आणि इजिप्तच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडालेलं थोनिस-हेराक्लिऑन हे आणखी एक. म्हणून जुन्या ग्रंथात नुसतं 'हेराक्लेइऑन' दिसलं तर लगेच क्रीट धरू नका, आजूबाजूची नावं पाहा.

मग अशी वेळ येते की हे नाव मागे पडतं आणि दुसरंच पुढे येतं. त्याची कथा कोर्दोबापासून सुरू होते. इ.स. ८१८ मध्ये अंदलुसमधल्या, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधल्या, कोर्दोबाच्या एका उपनगरातल्या लोकांनी अमीर अल-हकम याच्याविरुद्ध बंड केलं. बंड मोडलं आणि हजारो लोक हद्दपार झाले. त्यांतला एक जथा अलेक्झांड्रियाला पोचला, तिथे काही वर्षं ठाण मांडून बसला आणि तिथूनही हाकलला गेला. अबू हफ्स उमर याच्या नेतृत्वाखाली हे लोक ८२० च्या दशकात क्रीटवर उतरले. कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या बायझंटाइन साम्राज्याला ते बेट पुढची जवळपास एकशे पस्तीस वर्षं परत घेता आलं नाही. या लोकांनी उत्तर किनाऱ्यावर तटबंदीचं ठाणं वसवलं, भोवती खोल खंदक खणला, आणि ठाण्याला नाव दिलं 'रबद अल-खंदक'.

मराठी वाचकाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. अरबीतला 'खंदक' आणि परांड्याच्या किंवा अहमदनगरच्या भुईकोटाभोवतीचा आपला खंदक हा एकच शब्द आहे. अरबीत तो फारसीकडून गेला. फारसीत 'कंदन' म्हणजे खणणं, आणि जुन्या पहलवी भाषेत 'कंदग' म्हणजे खणलेलं. इ.स. ६२७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खणला गेला, त्या प्रसंगाला खंदकाची लढाई म्हणतात. ती कल्पना सलमान नावाच्या फारसी माणसाने सुचवली असं परंपरा सांगते, म्हणजे शब्दाबरोबर ती युक्तीही इराणकडूनच आलेली. दख्खनमध्ये फारसी राज्यकारभाराची भाषा झाली, तेव्हा हा शब्द मराठीत आला. आपल्याकडे 'परिखा' हा संस्कृत शब्द होता, पण बोलण्यात टिकला तो खंदकच. मूळ आणखी मागे नेलं तर फारसीतला 'कन्' आणि संस्कृतातला 'खन्' हे धातू सख्खे भाऊ आहेत. आपलं 'खणणं' आणि 'खाण' त्यातलीच. क्रीटच्या शहराचं मधल्या काळातलं नाव आणि आपला खणण्याचा शब्द यांचं नातं असं खरोखरच जुळतं, त्यात ध्वनींची नुसती योगायोगाची गाठ नाही. मला या शहराच्या नावांमध्ये हेच नाव सगळ्यात जास्त आवडतं. यात देव नाही, राजा नाही. उतरलेल्या लोकांनी पहिल्यांदा काय केलं, तेवढंच त्यात आहे.

ग्रीक बोलणाऱ्यांनी 'खंदक'चं 'खांदाक्स' केलं आणि पुढे बोलीत 'खांदाकास'. इ.स. ९६१ च्या मार्चमध्ये निकेफोरोस फोकास या सेनापतीने लांबलेल्या वेढ्यानंतर शहर बायझंटाइन साम्राज्यासाठी परत जिंकलं. आता गंमतीची नव्हे, विचार करण्याजोगी गोष्ट पाहा. शत्रूची राजवट गेली, मशिदी गेल्या, लोक मारले गेले किंवा गुलाम झाले, पण शत्रूने दिलेलं नाव राहिलं. जुनं ग्रीक नाव शहराला तेव्हा परत मिळालं नाही. इतकंच नव्हे, आजच्या ग्रीकमध्ये चर किंवा नाली यासाठी रोजच्या वापरातला शब्द 'खांदाकी' आहे, तोही याच अरबी शब्दावरून. शहराच्या जुन्या भागात 'खांदाकोस' नावाचा एक रस्ता अजून आहे.

पुढचा टप्पा व्हेनिसचा. चौथ्या धर्मयुद्धात, १२०४ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं आणि साम्राज्याची वाटणी झाली. क्रीट ज्याच्या वाट्याला आलं त्या बोनिफेसने ते व्हेनिसला विकलं. जेनोआच्या एका दर्यावर्दी सरदाराला हुसकून लावायला व्हेनिसला काही वर्षं लागली. त्यानंतर साडेचारशे वर्षं शहर त्यांच्याकडे होतं. इटालियन जिभेला ग्रीक 'ख़' नाही, म्हणून त्याचा 'क' झाला, आणि शेवटी मुलखांच्या नावांना लागतो तसा '-इया' लागला. खांदाकासचं कांदिया झालं ते असं. जुनी कागदपत्रं वाचताना इथेच लोक अडखळतात, कारण व्हेनिसच्या लिखाणात 'कांदिया' म्हणजे शहरही आणि संपूर्ण बेटही. 'रेन्यो दि कांदिया' म्हणजे कांदियाचं राज्य, अर्थात सगळं क्रीट. त्यामुळे एखाद्या पत्रात 'कांदियाची वाइन' असं असेल तर ती शहरातली असेलच असं नाही, बेटावरच्या कुठल्याही डोंगरातली असू शकते. दुसरा सापळा 'कानेआ' या नावाचा. ते बेटाच्या पश्चिमेकडचं खान्या शहर. जुन्या नकाशांवर बारीक अक्षरात कांदिया आणि कानेआ सहज एकमेकांत मिसळतात.

एल ग्रेको या नावाने जगाला माहीत असलेला चित्रकार दोमेनिकोस थेओतोकोपुलोस १५४१ मध्ये याच व्हेनिशियन क्रीटमध्ये जन्मला. स्पेनमध्ये आयुष्य काढूनही तो चित्रांवर ग्रीक अक्षरांत सही करी आणि काही चित्रांवर नावापुढे 'क्रिस' म्हणजे क्रीटचा असं लिही. त्याला 'ग्रीक माणूस' हे नाव परक्यांनी दिलं. तो स्वतःला क्रीटचा म्हणवत होता.

१६४५ मध्ये ऑटोमन, म्हणजे तुर्की, सैन्य बेटावर उतरलं. खान्या आणि रेथिम्नो लवकर पडली. कांदियाचा वेढा १६४८ मध्ये सुरू झाला आणि १६६९ पर्यंत, एकवीस वर्षं चालला. इतका लांबलेला वेढा इतिहासात क्वचितच सापडतो. मिकेले सानमिकेली या वास्तुविशारदाच्या आराखड्याचा हात लागलेली तटबंदी, सात बुरूज आणि रुंद कोरडा खंदक यांच्या जोरावर शहर लढलं. शेवटी फ्रांचेस्को मोरोसिनीने वजीर फाजिल अहमद कोप्रुलू याच्याशी तह करून शहर सोडलं. रहिवाशांना जाऊ दिलं गेलं आणि व्हेनिसच्या लोकांनी आपली दप्तरंही नेली. कांदियाच्या ड्यूकचं ते दप्तर आज व्हेनिसमध्ये आहे, म्हणून या शहराचा मध्ययुगीन इतिहास शोधायचा तर व्हेनिसला जावं लागतं, आणि तिथे शोधताना नाव 'कांदिया' घालावं लागतं. आज शहरात फिरताना जो खंदक दिसतो तो या व्हेनिशियन कोटाचा, अरबांचा नव्हे. तुमच्या मसुद्यात दोन्हींची गल्लत झाली आहे, तेवढी दुरुस्त करा.

ऑटोमन कागदांत शहर 'कांदिये' आणि बेट 'गिरित'. म्हणजे व्हेनिसने एकच नाव दोन्हींना वापरलं होतं, ती गुंतागुंत तुर्कीने सोडवली. बंदराच्या तोंडाशी समुद्रात उभा असलेला व्हेनिशियन किल्ला, ज्यावर सेंट मार्कचा पंखवाला सिंह कोरलेला आहे, त्याला आज सगळे 'कुलेस' म्हणतात. तो शब्द तुर्की 'कुले' म्हणजे बुरूज यावरून आला. इमारत एकाची आणि नाव दुसऱ्याचं, असं या शहरात पावलोपावली दिसतं.

आणि या सगळ्या काळात तिथले ग्रीक लोक आपापसात काय म्हणत होते? बहुतेक वेळा नुसतं 'कास्त्रो', म्हणजे किल्ला, कोट. पुढे 'मेगालो कास्त्रो', मोठा कोट. शहराचा माणूस तो 'कास्त्रिनोस'. आजूबाजूच्या खेड्यांतल्या माणसाला शहराचं औपचारिक नाव लागतच नव्हतं. जवळपास मोठा कोट एकच होता, तेव्हा 'कोटात जातो' म्हटलं की पुरे. लेखक निकोस काझान्तझाकिस १८८३ मध्ये जन्मला तो या मेगालो कास्त्रोत. त्याची कबर मार्तिनेंगो बुरुजावर आहे आणि शहराच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. माझ्या मते शहराचं खरं घरचं नाव हेच. पण सरकारी कागदांवर ते कमी दिसतं, म्हणून पर्यटकांच्या पुस्तकांत त्याला एक ओळ मिळते.

मग हेराक्लेइऑन परत आलं कधी? एकोणिसाव्या शतकात. स्वतंत्र ग्रीसने ठिकठिकाणी प्राचीन नावांची पुनर्स्थापना चालवली होती. अथेन्सचं बंदर तेव्हा 'पोर्तो लेओने', सिंहाचं बंदर, या नावाने ओळखलं जाई, ते पुन्हा पिरिअस झालं. सिरोस बेटावर निर्वासितांनी वसवलेल्या नव्या कोऱ्या शहराला १८२६ मध्ये हर्मीस देवावरून 'एर्मुपोली' नाव मिळालं. क्रीट तेव्हा ऑटोमनांच्या ताब्यात होतं, तरी तिथल्या शिकलेल्या ग्रीकांनीही स्त्राबोच्या पानावरचं नाव उचललं. १८९८ मध्ये क्रीट स्वायत्त झालं, १९१३ मध्ये ग्रीसमध्ये विलीन झालं, आणि हेराक्लिऑन हेच अधिकृत नाव म्हणून स्थिरावलं. या नावात हजार वर्षांची खंडित परंपरा आहे, अखंड नव्हे. 'शहराचं नाव प्राचीन काळापासून हेराक्लिऑन आहे' हे वाक्य म्हणूनच काढून टाका. नाव प्राचीन आहे, पण मधली हजार वर्षं इथल्या लोकांच्या तोंडी दुसरी नावं होती. जुनं नाव पुन्हा निवडण्यामागे एक राजकीय इच्छा होती, आणि ती इच्छा समजून घेणं हा नावाच्या अर्थाचाच भाग आहे.

आता कँडी. ही समजूत पुष्कळ ठिकाणी छापलेली दिसते आणि गोड असल्यामुळे टिकते. शब्दांचा प्रवास मात्र वेगळा आहे. संस्कृत 'खण्ड' म्हणजे तुकडा, आणि त्यावरून साखरेचा खडाही. त्याचं फारसीत 'क़ंद' झालं, अरबीत 'क़ंदी', मग युरोपात फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'कँडी'. आपल्याकडे हाच शब्द दोन वाटांनी आला आहे. 'खांडसरी'मध्ये तो घरचाच आहे, आणि 'गुलकंद'मध्ये फारसीतून फिरून परत आलेला. अरबीत पाहिलं तर शहराच्या नावाची सुरुवात 'ख़' या अक्षराने होते आणि साखरेच्या शब्दाची 'क़' या अक्षराने. ही दोन वेगळी अक्षरं आहेत आणि अरबी बोलणारा त्यांची गल्लत करत नाही. दोन्ही शब्द 'क'ने सुरू होणारे दिसू लागले ते युरोपात पोचल्यावर. श्रीलंकेतल्या कँडीचाही इथे संबंध नाही. ते सिंहलीतल्या 'कंद' म्हणजे डोंगर या शब्दावरून पोर्तुगीजांनी घडवलेलं नाव आहे.

परक्या कानाने ऐकलेल्या नावांना नंतर अर्थ चिकटतात, याचं ठसठशीत उदाहरण क्रीटमध्येच आहे. स्पिनालोंगा या छोट्या बेटाचं नाव इटालियनमध्ये 'लांब काटा' असं वाटतं. ते बहुधा 'स्तिन एलुंदा', म्हणजे 'एलुंदाला', या ग्रीक शब्दांवरून ऐकलेलं आहे. लेम्नोसचं 'स्तालिमेने' आणि कोसचं 'स्तान्किओ' ही तशीच रूपं. बंदरावर 'कुठे चाललात?' विचारलं की उत्तर विभक्तीसकट मिळतं आणि परका माणूस ते सगळं नाव म्हणून लिहून घेतो. जुन्या नकाशावर 'स्त'ने सुरू होणारं ग्रीक बेट दिसलं की मी आधी तो 'स्त' बाजूला काढून पाहतो.

राहिलं मराठी लेखन. आजच्या शहराबद्दल लिहिताना 'इराक्लिओ' लिहा, कारण आजच्या ग्रीकमध्ये 'ह' उच्चारत नाहीत आणि शेवटचा 'न' जुन्या पंडिती भाषेबरोबर गेला. पहिल्या उल्लेखात 'इराक्लिओ, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतलं हेराक्लिऑन' असं एकदा सांगून टाका. बोलताना आघात 'रा'वर. प्राचीन बंदराला 'हेराक्लेइऑन', अरब काळासाठी 'अल-खंदक', बायझंटाइनसाठी 'खांदाकास', व्हेनिससाठी 'कांदिया' आणि ऑटोमनांसाठी 'कांदिये'. 'कँडिया' नको, इटालियनमध्ये तो 'दि' आहे, 'डि' नाही. १६४८ ते १६६९ च्या वेढ्यावर लिहिताना 'इराक्लिओचा वेढा' म्हणू नका, त्या नावाचं शहर तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

प्रवासवर्णनाच्या शेवटी तुम्ही वाचकांसाठी सूचना देणार आहात, तर एक भर घाला. नाक्सोसच्या दक्षिणेला 'इराक्लिया' नावाचं एक छोटं बेट आहे आणि अथेन्समध्ये 'इराक्लिओ' नावाचं एक उपनगर आहे, त्याचं स्थानक हिरव्या मार्गिकेवर लागतं. बोटीचं तिकीट काढताना क्रीटचं इराक्लिओ आहे ना, हे पाहून घ्यायला सांगा. विमानाच्या तिकिटावर मात्र 'एचईआर' असा संकेत असतो.